पासंड, पाखंड आणि मानभावी

धुळे-सोलापूर महामार्गावरचे पाचोड हे पैठण तालुक्यातले मोठे गाव. या गावात, किंवा मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही गावात, माणसाची धार्मिक ओळख सांगायला लोकांकडे नेमके शब्द असतात. गळ्यात तुळशीची माळ असली की तो माळकरी. काळ्या वस्त्रांतला साधू दिसला की जुनी माणसे त्याला मानभाव म्हणतात. मशिदीत मुक्कामाला आलेले पाहुणे जमातवाले. कुणाकडे वर्षावास असतो, कुणाकडे सप्ता बसतो, आणि ‘त्यांच्या समाजाचा कार्यक्रम आहे’ एवढे म्हटले तरी समाज कोणता ते ऐकणाऱ्याला कळते. हे सगळे शब्द एकेका गटाचे. या सगळ्या गटांना मिळून एकच नाव द्यायचे झाले तर? माळकरी, मानभाव, भिक्खू, फकीर या सर्वांना सारखेच लागू पडेल आणि कुणाचाही मान कमी करणार नाही असे नाव?

असा एक शब्द या देशात होता. कोरीव लेखांमध्ये तो आजही वाचता येतो. मात्र मराठीत आज तो शिवीसारखा वापरला जातो. तो शब्द म्हणजे पाखंड.

सम्राट अशोकाच्या शिलालेखांत त्याचे रूप ‘पासंड’ असे आहे. काळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाचा मध्य. गिरनारच्या खडकावर कोरलेल्या चौदा लेखांपैकी बारावा लेख जवळजवळ पूर्णपणे याच एका विषयाला वाहिलेला आहे. राजा सर्व पासंडांचा सन्मान करतो, त्यांतल्या संन्याशांचाही आणि गृहस्थांचाही, असे तो लेख सांगतो. दान आणि पूजा यांपेक्षा प्रत्येक पासंडाचे सार वाढावे हे राजाला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि त्या वाढीचे मूळ आहे वाणीचा संयम: आपल्या पासंडाची अवेळी स्तुती नको, दुसऱ्याच्या पासंडाची निंदा नको. स्वतःच्या पासंडावरील भक्तीपोटी जो दुसऱ्याचा पासंड हिणवतो तो आपल्याच पासंडाची हानी करतो, असा युक्तिवाद तिथे आहे. राजाने जसा ‘दुसऱ्याचा पासंड’ हा शब्द वापरला तसाच ‘आपला पासंड’ही वापरला, हे लक्षात घ्यायला हवे. स्वतःबद्दल बोलताना कुणी शिवी वापरत नाही. म्हणजे त्या काळी हा शब्द स्वच्छ होता.

सातव्या लेखात सर्व पासंडांनी सर्वत्र राहावे अशी राजाची इच्छा नोंदवली आहे. स्तंभावरच्या सातव्या लेखात तर गटांची नावेच येतात: संघ, ब्राह्मण, आजीवक आणि निर्ग्रंथ, म्हणजे आजचे जैन. कंदाहारला सापडलेल्या ग्रीक भाषांतरात पासंडसाठी योजलेला शब्द तत्त्वज्ञांच्या शाळांना लावला जाणारा आहे. भाषांतर करणाऱ्या ग्रीक माणसालाही या शब्दात निंदा ऐकू आली नव्हती. कलिंगाचा राजा खारवेल याने पुढे हाथीगुंफेच्या लेखात सर्व पासंडांची पूजा करणारा अशी स्वतःची ओळख अभिमानाने कोरून घेतली.

हे सगळे पैठणपासून फार दूरचे वाटेल, पण तसे ते नाही. अशोकाच्या चौदा लेखांपैकी आठव्याचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याला सापडला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली त्याच परिसरात मिळाला. अशोकाच्या पाचव्या व तेराव्या लेखांत ‘पेतेनिक’ किंवा ‘पितिनिक’ नावाचे लोक येतात. ते म्हणजे पैठणकर, असे काही अभ्यासकांनी मानले आहे, काहींना ते मान्य नाही. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत मात्र शंकेला जागा नाही. तिथल्या एका खांबावर प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातल्या मितदेवाचे दान कोरलेले आहे. गोदाकाठचा व्यापारी डोंगरातल्या भिक्खूंसाठी खांब करवून देतो, ही त्या काळची रीत.

सातवाहनांच्या लेखांत गट ओळखायला आणखी एक शब्द येतो: निकाय. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीने एक लेणे दान दिले. ते कुणाही भिक्खूंना मिळाले नाही. भद्रायणीय निकायाच्या भिक्खूसंघाला मिळाले. कार्ल्याचे दान महासांघिकांना आहे. ज्याच्या कारकिर्दीत बलश्रीने हे दान दिले तो तिचा नातू पुळुमावी, आणि त्याची राजधानी म्हणून ग्रीक भूगोलकार टॉलेमीने ‘बैथन’ म्हणजे पैठण नोंदवले आहे. राजे वैदिक यज्ञही करत आणि बौद्ध निकायांना लेणीही देत. पासंड हा शब्द ज्या व्यवहारासाठी घडला तो व्यवहार इथे दगडात दिसतो.

मग हा शब्द बिघडला कसा?

त्याचे मूळ काय यावर अभ्यासकांचे पूर्ण एकमत झालेले नाही. ‘परिषद’, ‘पार्षद’ म्हणजे सभा आणि तिचा सदस्य, या घराण्यातून तो आला हे एक जुने मत. वायव्येकडच्या शाहबाजगढीच्या लेखात त्याचे रूप ‘प्रषंड’ असे मिळते. तिथे ‘र’ टिकून आहे, आणि त्यामुळे या मताला थोडे बळ येते. ते खरे असेल तर शब्दाचा पहिला अर्थ साधा: एकत्र बसणारे लोक. परंपरेने मात्र दुसरी व्युत्पत्ती सांगितली. ‘पा’ म्हणजे वेदांनी केलेले पालन, आणि त्याचे खंडन करणारा तो पाखंड. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रात बसत नाही. शब्द वाईट झाल्यावर त्याच्या वाईटपणाचे कारण शब्दातच शोधण्याचा हा खटाटोप आहे. पण शेकडो वर्षे कीर्तनांतून आणि टीकाग्रंथांतून तीच सांगितली गेली, म्हणून तीही इतिहासाचा भाग आहे.

बिघाडाच्या पायऱ्या ग्रंथांत दिसतात. कौटिल्याचे अर्थशास्त्र नगराची रचना सांगताना पाषंडांची वस्ती चांडाळांबरोबर स्मशानाच्या कडेला ठेवते. सर्व पासंडांनी सर्वत्र राहावे असे म्हणणाऱ्या अशोकाच्या लेखाशेजारी हे ठेवून वाचले की एकाच शब्दाभोवती दोन राज्यकल्पना किती वेगळ्या होत्या ते कळते. मनुस्मृतीत पाषंडीचा शब्दानेही आदर करू नये असे आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला नगराबाहेर घालवण्याची आज्ञा आहे. दोष एका बाजूचाच नव्हता. बौद्ध भिक्खुणींच्या गाथांत चाला नावाची थेरी आपल्या मार्गाबाहेरच्यांना पासंड म्हणते. वैदिकांच्या दृष्टीने बौद्ध पाषंड, बौद्धांच्या दृष्टीने इतर सारे पासंड. अशोकाच्या लेखातला ‘आपला पासंड’ हा प्रयोग हळूहळू संपला आणि ‘त्यांचा’ तेवढा उरला. खुद्द अशोकाच्या ‘देवानांप्रिय’ या बिरुदाचेही तेच झाले. उत्तरकालीन संस्कृत वैयाकरणांनी त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा नोंदवला.

असे आपल्याकडेच घडले असेही नाही. ग्रीक भाषेत ‘हैरेसिस’ म्हणजे निवड, आणि त्यावरून मतपंथ. ज्यू इतिहासकार जोसेफस हा शब्द ज्यूंमधल्या गटांना कसलाही कमीपणा न आणता लावतो. ख्रिस्ती चर्चच्या तोंडी त्याचा अर्थ धर्मद्रोह झाला आणि पुढे युरोपात या आरोपावरून माणसे जाळली गेली.

मराठीला हा शब्द वारशाने मिळाला तो बिघडलेल्या अर्थानेच. ज्ञानेश्वरीत पाखंड येते ते दूर सारायच्या वस्तूंमध्ये. तुकोबांनी पाखंडाचे खंडन हे आपले कामच मानले. पण संतांनी या शब्दाचा रोख थोडा वळवला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. त्यांच्या लेखी पाखंडी कोण? वेद न मानणारा तर खराच, पण त्याहून अधिक तो, जो भगवी वस्त्रे आणि जटा दाखवून पोट भरतो. शब्दाचा मार गटावरून ढोंगी माणसाकडे सरकला. आजची मराठी पाखंडी हा शब्द बहुतेक याच अर्थाने वापरते.

या प्रवासाची दुसरी आवृत्ती थेट पैठणच्या मातीत घडली, आणि ती अधिक दुखरी आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी पैठणला राहिले. भोगनारायणाच्या देवळाशी जोडलेल्या त्यांच्या आठवणी लीळाचरित्रात आहेत, आणि त्यांच्या सेवेत आयुष्य घालवलेली बाइसा याच गावातली. लीळाचरित्राचा ‘एकांक’ हा भाग पैठणपाशी येऊन संपतो आणि तिथून ‘पूर्वार्ध’ सुरू होतो. चक्रधरांनी स्त्रियांना आणि शूद्रांना संन्यासाचा अधिकार दिला, आणि ते लोकांच्या भाषेत बोलले. त्यांच्यामागे नागदेवाचार्यांनी तोच आग्रह धरला: संस्कृतात लिहिले तर पंथातल्या साध्या बायाबापड्या वंचित होतील. म्हाइंभटांनी रिद्धपूरला चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या आणि लीळाचरित्र हा मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ उभा राहिला. महदंबेचे धवळे हे मराठी स्त्रीचे पहिले काव्य मानले जाते. मराठी भाषेवर एवढे ऋण असलेला दुसरा पंथ दाखवणे कठीण.

पंथाचे लोक आपल्या वाटेला ‘परमार्ग’ म्हणत. पंजाबात आणि पुढे पेशावर-काबूलपर्यंत जे पोचले ते ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखले गेले. पंथाच्या आतल्या शाखांना ‘आम्नाय’ हा भारदस्त शब्द आहे. कवीश्वर, उपाध्ये, पारिमांडल्य ही त्यांतली नावे. ‘महानुभाव’ हे नाव सर्वांत अधिक रूढ झाले. संस्कृतात ते आदराचे संबोधन: ज्याचा प्रभाव, ज्याचे तेज मोठे तो. बोलण्याच्या ओघात महानुभावचे मानभाव झाले. शब्द झिजण्यात अपमान नसतो. विठ्ठलाचा विठू होतोच. पण मानभाव या झिजलेल्या रूपाला ‘मानभावी’ हे विशेषण चिकटले आणि त्याचा अर्थ झाला वरवर नम्र, आतून कावेबाज. आजही अग्रलेखात ‘मंत्र्यांचा मानभावीपणा’ असे सहज लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या मनात कुठलाही पंथ नसतो, वाचणाऱ्याच्याही नसतो. पंथातल्या घरात जन्मलेल्या मुलाला मात्र तो शब्द शाळेच्या पुस्तकात भेटतो.

अर्थ असा का वळला? पंथ इतर दैवतांची उपासना करत नाही, त्याचे संन्यासी भिक्षेवर जगत, त्यांची वस्त्रे काळी, आणि त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत झाकून ठेवले. शेजाऱ्याला जे वाचता येत नाही त्याबद्दल शेजारी कथा रचतो. तशा कथा रचल्या गेल्या, आणि इंग्रजी अमलात त्या सरकारी ग्रंथांतही शिरल्या. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा रसेल आणि हिरालाल यांचा १९१६चा ग्रंथ या पंथाची नोंद ‘मानभाव’ याच मथळ्याखाली करतो. लिप्यांचे कोडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडले, पोथ्या छापल्या गेल्या, वि. भि. कोलते आणि शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्यांनी आयुष्ये या वाङ्मयाला दिली, आणि गैरसमजाचा पाया गेला. विशेषण तेवढे राहिले. मराठीत ढोंगाला शब्दांची टंचाई नाही. दांभिकपणा, साळसूदपणा, बगळ्याचे ध्यान असे हवे तितके आहेत. त्यामुळे मानभावी हा शब्द लेखणीतून गळला तर मराठीचे काही बिघडणार नाही, आणि एका पंथावरचा जुना आरोप तरी उतरेल.

पासंड गेल्यावर त्याच्या जागी कोणते शब्द आले? बहुतेक वाटेचे. पंथ म्हणजे वाट, मार्ग म्हणजे वाट. निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८पर्यंत, या भागाच्या कारभाराची भाषा उर्दू होती. तिथला ‘मजहब’ हा अरबी शब्दही ‘जाणे’ या धातूपासून आला आहे, आणि सूफींचा ‘तरीका’ म्हणजे रस्ताच. संस्कृत आणि अरबी यांचा काही संबंध नसताना दोन्ही भाषांनी श्रद्धेचे वर्णन चालण्याने केले. दुसरे घराणे साखळीचे. ‘संप्रदाय’ म्हणजे गुरूने शिष्याला नीट हातात दिलेले. ‘सिलसिला’ म्हणजे साखळी. खुलताबादला चौदाव्या शतकात बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि त्यांच्यामागे जैनुद्दीन शिराजी यांनी चिश्ती सिलसिला चालवला. त्याच डोंगराजवळ देवगिरीवर पुढे जनार्दनस्वामींनी एकनाथांना उपदेश केला. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले. त्यांचे नाव कादरी सूफींच्या साखळीशी जोडले जाते. एकच व्यक्ती संप्रदायातही आणि सिलसिल्यातही, असे हे उदाहरण आहे.

‘सांप्रदायिक’ या शब्दाची गत विलक्षण आहे. हिंदीत सांप्रदायिक म्हणजे धर्माधर्मांत तेढ लावणारा, आणि दंगाही सांप्रदायिकच. मराठी खेड्यात ‘तो सांप्रदायिक माणूस आहे’ म्हणजे माळकरी, दारू-मांस न शिवणारा, हरिपाठ म्हणणारा. सांप्रदायिक चाली म्हणजे भजनाच्या परंपरेने आलेल्या चाली. हिंदी वाहिनीवरची बातमी ऐकणाऱ्या पैठणच्या वारकऱ्याला हा शब्द कानाला खटकणार. दंग्यासाठी मराठीने ‘जातीय’ हा शब्द घेतला आणि त्याने जात व धर्म यांची गल्लत केली, तो भाग वेगळा.

वारकऱ्यांनी स्वतःचे नाव मात्र श्रद्धेवरून घेतले नाही, कृतीवरून घेतले. वारी करतो तो वारकरी. त्यांची संघटना ‘फड’, हा शेतातला आणि कुस्तीच्या मैदानातला शब्द. चालणारी तुकडी ‘दिंडी’. नाथषष्ठीला फाल्गुनात पैठणला दिंड्या जमतात तेव्हा ओळख विचारली जाते ती ‘कोणत्या फडाचे?’ अशी. या नावांची अजून कुणी शिवी करू शकलेले नाही. एक कारण बहुधा असे, की ही नावे त्यांची त्यांनी घेतली आणि ती सांगतात ते कामच आहे.

एकनाथांच्या काळी (१५३३-१५९९) दोन मोठ्या समूहांना काय म्हणत? त्यांच्या संवादाचे नावच ‘हिंदू-तुर्क संवाद’. एका बाजूला सिंधूवरून आलेले नाव, दुसऱ्या बाजूला वंशावरून आलेले. तुर्क मराठी बोलतो, तरीही तुर्कच. मराठेशाहीच्या कागदांत मुसलमानांसाठी ‘अविंध’ येते, म्हणजे कान न टोचलेले. ही नावे दिसण्यावरची आणि मुळावरची आहेत, सिद्धान्तांवरची नाहीत. संवादात दोघे कडाडून भांडतात, एकमेकांच्या देवांची आणि आचारांची उणीदुणी काढतात, आणि अखेर एकमेकांना आलिंगन देतात. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या ब्राह्मणाने हे लिहिले, याचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच.

एकोणिसाव्या शतकात सारे शब्द एका रकान्यात कोंबले गेले. शिरगणतीच्या तक्त्यात ‘रिलिजन’ होते, त्याला ‘धर्म’ हा शब्द जोडला गेला. पूर्वी धर्म हा राजाचा, पुत्राचा, पाण्याचाही असे. आता तो ज्याच्या-त्याच्या नावापुढे एकेक झाला. सुधारकांनी याच काळात ‘समाज’ हा शब्द उचलला: १८६७मध्ये मुंबईत प्रार्थना समाज, १८७३मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज, १८७५मध्ये आर्य समाज. अशोकाच्या पहिल्या लेखात समाज म्हणजे राजाला न आवडणारा जत्रेसारखा जमाव. फुल्यांच्या हाती तो सत्य शोधणाऱ्यांचा मेळावा झाला. आज पोस्टरवर ‘समस्त समाजबांधव’ छापले की त्याचा अर्थ बहुतेक जात असतो.

कायद्यालाही गटाचे नाव लागते. राज्यघटनेच्या २६व्या अनुच्छेदाने धार्मिक संप्रदायांना आपला कारभार पाहण्याचा हक्क दिला. पण संप्रदाय कशाला म्हणायचे? १९५४च्या शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंग्रजी शब्दकोशाचा आधार घेतला: समान श्रद्धा, समान संघटना आणि वेगळे नाव. ही तिसरी अट लक्षणीय आहे. ज्याला नाव नाही त्याला या अनुच्छेदाचे संरक्षण मिळणे अवघड. १९६२मध्ये दाऊदी बोहरा संप्रदाय ठरले आणि मुंबई राज्याचा बहिष्कारविरोधी कायदा त्यामुळे रद्द झाला. त्या निकालाने गटाचा हक्क राखला आणि गटातून काढून टाकलेल्या माणसाला उघड्यावर सोडले. हा प्रश्न अजून निकाली निघालेला नाही. घटनेच्या उद्देशिकेत १९७६ साली घातलेला शब्द मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ आहे आणि हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’. शेजारच्या दोन भाषांना या व्यवहारासाठी एक शब्द सापडलेला नाही.

मराठवाड्यात नावाचा प्रश्न आजही जिवंत आहे तो एका उपसर्गात. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्याच्या आदल्या दिवशी पत्रकारांशी बोलताना त्यांनी आपल्या मार्गाला ‘नवयान’ म्हटले होते. त्यांनी ‘नव’ लावले ते यानाला, म्हणजे पुन्हा वाटेलाच. सरकारी भाषेने ते माणसांना लावले: ‘नवबौद्ध’. सवलतींच्या नोंदीसाठी पूर्वाश्रमीची जात कळावी, ही त्यामागची प्रशासकीय गरज होती आणि ती खोटी नव्हती. पण औरंगाबादेत १९५० साली बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयातून शिकलेल्यांची तिसरी-चौथी पिढी आता संसारात आहे. त्या घरांत जन्मलेली मुले जन्मतःच बौद्ध आहेत, आणि स्वतःला तेवढेच म्हणतात. निवासी शाळांच्या फलकांवर आणि स्वाधार योजनेच्या अर्जावर मात्र ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ हा जोडशब्द अजून छापलेला असतो, आणि पाचोडच्या बौद्ध विद्यार्थ्यालाही अर्ज भरताना त्याच शब्दाखाली आपली नोंद करावी लागते.